खिळ्यावरची चावी

अभिराज मोकाशीला ज्या दिवशी मारायचं मी ठरवलं होतं, त्या दिवशी सकाळी मी पहिलं काम केलं ते म्हणजे त्याच्या गाडीच्या टपावरचा तंबू उतरवला.

"अगं, फोटोत किती छान दिसतो तो! राहू दे की," मोकाशी म्हणाला.

"फार जड आहे, सर. एवढं ओझं टपावर गेलं की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. आडव्या उतारावर तेवढंही पुरतं."

"पण आपला तोल आहे ना?"

"आहे. तरी नको."

तो हसला. काय काळजी करते ही मुलगी, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. काळजी कसली करतेय! गाडी उलटली आणि मागून कुणी म्हणालं की टपावरच्या ओझ्यानं उलटली, तर माझी तीन वर्षं पाण्यात गेली असती. म्हणून मी टायरची हवा तपासली, मागच्या सामानाच्या पेट्या पट्ट्यांनी करकचून आवळल्या, ब्रेक दोनदा दाबून पाहिले. दोष द्यायला मोकाशीच्या हातांखेरीज दुसरं काही शिल्लक ठेवायचं नव्हतं मला.

आज पोस्टाच्या गाडीतसुद्धा 'तोल' असतो, त्यामुळे कुणाला त्याचं नवल वाटत नाही. तेव्हा वाटायचं. तो काय आहे आणि कुणाचा आहे, हे आधी सांगते, म्हणजे माझा राग समजेल.

गाडी उलटते कशी? तिचं सगळं वजन एका बिंदूत गोळा झालंय असं धरा. गवंडी भिंतीला लावतो तसा एक ओळंबा त्या बिंदूतून सरळ खाली सोडा. हा ओळंबा चार चाकांच्या चौकटीत पडतो तोवर गाडी उभी राहते. उतारावर गाडी आडवी चालली की तो खालच्या चाकांकडे सरकतो. त्यात खालचं चाक रुतलं किंवा वरचं चाक धोंड्यावर चढलं की ओळंबा चौकटीच्या बाहेर जातो आणि गाडी लोळते. म्हणून जाणता माणूस उतारावर आडवा जात नाही, सरळ चढतो आणि सरळ उतरतो. चढता चढता गाडी दमली तर वळवायला जात नाही, आला तसा उलटा मागं येतो.

पण जावंच लागलं आणि गाडी घसरायला लागली, तर? माझे वडील, आमचे आबा, सगळ्या नवशिक्यांना एकच सांगायचे, "मन म्हनतंय वर वळव, दरीपासनं लांब पळ. मनाचं ऐकू नगंस. खाली वळव." यात शास्त्र आहे. गाडी वरच्या अंगाला वळवली की वळण्याचा झोक तिला दरीकडे फेकतो, म्हणजे उलटणारीला आपणच धक्का देतो. खाली वळवली तर झोक डोंगराकडे बसतो, गाडीचं तोंड सरळ उताराला लागतं, आणि सरळ उतरणारी गाडी सहसा उलटत नाही. सांगायला सोपं आहे हो. समोर दरी असताना आपल्या हातानं तोंड दरीकडे करायचं, हे शंभरातल्या नव्वदांना जमत नाही.

तोल नेमकं तेवढंच करायचा. बंपरखालचा रडार गवताखालची माती वाचायचा, पुढं मुरूम आहे की चिखल ते सांगायचा. चाकाचाकावरचा भार, गाडीचा कल, तो कल वाढण्याचा वेग, हे सगळं मोजलं जायचं. स्टेअरिंग आणि चाकं यांच्यामध्ये लोखंडी दांडा नव्हताच, नुसती वायर होती आणि वायरच्या मध्ये तोल बसलेला. तुम्ही स्टेअरिंग फिरवलं की तोल ठरवायचा, ऐकायचं का नाही. पण मोजून झाल्यावर डोळ्याचं पातं लवतं तेवढ्या वेळात काय करायचं, हे त्या यंत्राला कुणी शिकवायचं?

ते शिकवलं माझ्या भावानं.

संग्राम पानस्कर. आबांच्या हाताखाली वाढलेला वडापचा ड्रायव्हर. ज्या वाड्यावस्त्यांवर एसटी जात नाही तिथं माणसं भरून नेणाऱ्या जीपगाड्यांना आमच्याकडे वडाप म्हणतात. तोल बनवणारी कंपनी मोकाशीची, आणि त्याला सह्याद्रीच्या उतारांवर चालवणारा हात हवा होता. दादानं संवेदकांचे हातमोजे घालून दोन पावसाळे आमचं उंबरपठार पालथं घातलं. त्याच्या मनगटाची, पायाची, पाठीची प्रत्येक हालचाल यंत्रानं उचलली. त्या साठ्याला आम्ही 'ठसा' म्हणायचो. दादाची एक खोड होती. खाली वळवायच्या आधी तो स्टेअरिंगला दोन बोटांनी एक बारीक हिसका द्यायचा. चाकाखाली काय आहे ते त्याला त्यात कळायचं. "चाक जागं करतो," म्हणायचा. ती खोडही ठशात उतरली होती.

आणि मग पहिलं प्रात्यक्षिक झालं. आधी तोल बंद ठेवून एक फेरी, मग चालू ठेवून दुसरी, म्हणजे पाहुण्यांना फरक दिसेल, ही कल्पना मोकाशीची. गाडीचा लोखंडी पिंजरा काढून टाकायची कल्पनाही त्याचीच. उलटलेल्या गाडीत माणूस चेंगरू नये म्हणून तो पिंजरा असतो. मोकाशीचं म्हणणं, "पिंजरा दिसला की लोकांना अपघात आठवतो." पहिल्या फेरीला दादा चालवत होता आणि शेजारी मोकाशी. पाणवडी नावाचा गवताळ उतार आहे, तिथं गाडी घसरली आणि लोळत खाली गेली. मोकाशीचा खांदा निखळला. दादा गेला.

चाकांच्या खुणा वरच्या अंगाला वळलेल्या सापडल्या. चौकशीत मोकाशी गळ्यात झोळी अडकवून आला आणि म्हणाला, "संग्राम घाबरला. मी ओरडलो, खाली घे, खाली घे. त्यानं वर वळवली." तोल बंद होता, त्यामुळे विरुद्ध बोलायला कुणी नव्हतं. चालकाची चूक, असा शेरा पडला.

आमच्या वडापवाल्यांत एक रीत आहे. स्वतःच्या चुकीनं ज्यानं गाडी उलटवली, त्याच्या गाडीची चावी पठारावरच्या घाटाईच्या देवळात, चौकटीवरच्या खिळ्याला टांगायची. ती गाडी पुन्हा चालवायची नाही, दुसरी चावीही करायची नाही. देवळापुढून जाणारा प्रत्येक ड्रायव्हर त्या चाव्या बघत जातो. स्टँडवरचा सगळ्यात जुना माणूस ती चावी टांगतो. सगळ्यात जुने होते आमचे आबा. पोराच्या जीपची चावी त्यांनी स्वतःच्या हातानं टांगली, घरी आले आणि स्टँडवर जायचे बंद झाले. गोठ्याशेजारी जीप उभी राहिली, तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

माझा एका शब्दावरही विश्वास नव्हता. वर वळवणारा हात दादाचा नव्हे, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. कराडला इन्स्ट्रुमेंटेशन शिकून मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. ती सोडली आणि मोकाशीच्या कंपनीत अर्ज केला. त्यानं मला ताबडतोब घेतलं. मयताच्या बहिणीला कामावर ठेवलं म्हणून पेपरात त्याचं कौतुकही छापून आलं. गावात मात्र लोक मला बघून तोंड फिरवायचे. भावाच्या जिवावर उठलेल्याचं मीठ खाते, असं माझ्या तोंडावर एका मावशीनं म्हटलं. राग गिळायचाही सराव होतो.

मोकाशीनं पहिलं फर्मान काढलं ते दादाचा ठसा पुसायचं. "अपघात करणाऱ्याचा हात आपल्या गाडीत? लोक काय म्हणतील?" त्याच्या जागी परदेशातल्या एका शर्यतवाल्याचा ठसा आणला. तो वाळूवर झकास चालायचा आणि आमच्या ओल्या मुरमावर माती खायचा. मी दादाचा ठसा पुसला नव्हता. शर्यतवाल्याच्या नावाखाली गुपचूप तोच परत घातला. मोकाशी स्वतः शेजारी बसून चक्कर मारून आला आणि म्हणाला, "बघ, याला म्हणतात परदेशी हात!" त्या दिवशी मी डबासुद्धा खाऊ शकले नाही.

आणखी एक गोष्ट मी या तीन वर्षांत पाहून ठेवली. कचेरीत सरावासाठी खोटी गाडी होती, पडद्यावरचा उतार आणि हलणारी सीट. मोकाशी पाहुण्यांसमोर त्यात बसायचा. दर वेळी, न चुकता, तो वर वळवायचा. दर वेळी तोल त्याला वाचवायचा आणि दर वेळी तो टाळ्या घ्यायचा. त्याचा एवढा भरवसा बसला होता, की खऱ्या उतारावरचीही भीती त्याला उरली नव्हती. नव्या गाडीलाही त्यानं पिंजरा बसवू दिला नाही. उलटणारच नाही तर पिंजरा कशाला!

नव्या गाडीचं अनावरण उंबरपठारावर ठरलं, आणि पाणवडी आपण स्वतः आडवी पार करणार, असं त्यानं जाहीर केलं. मी प्रशिक्षक म्हणून डाव्या सीटवर बसणार होते. त्या गाडीत डावीकडेही एक स्टेअरिंग होतं. ते कुणी धरायचं नसायचं, तोल जे करतो ते त्यावर दिसायचं. त्याच्याखाली, चाचणीच्या कामासाठी, 'मोकळं' नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की तोल बाजूला होतो आणि गाडी उजव्या हाताचं ऐकते.

बेत एवढाच होता. पाणवडीच्या मध्यावर गवताखाली बारमाही पाझर आहे. गाडी तिथून न्यायची. ती घसरणार, तो वर वळवणार, मी बटण दाबणार. ज्या हातांनी दादाला मारलं त्याच हातांनी मोकाशी मरणार. माझं काय व्हायचं ते होवो, असं मी ठरवून टाकलं होतं.

आदल्या संध्याकाळी आबा अंगणात दोरी वळत बसले होते.

"आबा, उद्या पठारावर या," मी म्हटलं.

"कशापायी? त्या मानसाचं तोंड बघाया?"

"या तर खरं. घाटाईपाशी उभे राहा. स्टँडवरच्या समद्यांना बोलावलंय त्यानं. गाड्या विकायच्यात त्याला."

"आन् तू काय करनार हायस?"

"त्याच्या शेजारी बसणार. पाणवडी आडवी मारायचीय त्याला."

आबांचे हात थांबले. त्यांनी डोळे बारीक करून डोंगराकडे पाहिलं. पाणवडीचा उतार त्यांना तोंडपाठ होता, कोण कुठल्या अंगाला बसणार तेही लगेच उमगलं.

"खालचं अंग तुझं हाय मग," ते म्हणाले.

"हो."

मग दोरीला पीळ देत म्हणाले, "बेल्ट लाव. हात भाईर काढू नगंस. आन् काय बी झालं तरी स्टेअरिंगवाल्याच्या हातात हात घालू नगंस. गाडीत एकाचंच हात पायजेत."

"कळलं, आबा."

"तुला कळलं गं. त्याला कवा कळनार?" एवढं बोलून ते उठून आत गेले.

सकाळी पठारावर मांडव घातला होता. खुर्च्यांवर शहरातले पाहुणे, मागं उभे आमचे वडापवाले. मांडवाला लागून एक प्रचंड पडदा. गाडीत आत काय चाललंय ते त्यावर थेट दिसणार होतं. डाव्या बाजूला यंत्राचं स्टेअरिंग, उजव्या बाजूला माणसाचं. 'चालकाचा हात आणि तोलाचा हात', अशी जाहिरात मोकाशीनंच लिहून घेतली होती. पाणवडीच्या डोक्यावर घाटाईचं देऊळ आहे. तिथं पांढरं धोतर दिसलं, म्हणजे आबा आले होते.

मोकाशीनं नवी गाडी मुद्दाम पितळी चावीची करवून घेतली होती. गाडीला चावीची काडीची गरज नव्हती, पण साहेबांना जुना थाट आवडायचा. चावी कॅमेऱ्याला दाखवून त्यानं गाडी चालू केली.

"बेल्ट, सर," मी म्हटलं.

"कशाला? शर्ट चुरगळतो."

"लावा."

त्यानं लावला. हेल्मेट मात्र घातलं नाही, केस विस्कटले असते. गाडी गवतावर उतरली आणि डावीकडे कलली. दरी माझ्या खिडकीत आली. तळाशी, उतार संपतो तिथं, गवताचा सपाट पट्टा होता आणि त्याच्या पलीकडे काळे धोंडे. दादा त्या धोंड्यांत सापडला होता.

"किती मऊ चालते बघा," मोकाशी कॉलरच्या माइकमध्ये बोलत होता. "एकेकाळी या उतारानं आमचा एक उमदा सहकारी घेतला. बिचारा घाबरला होता. तेव्हा 'तोल' चालू असता तर त्याची चूक सुधारली गेली असती."

बिचारा! मी डावं स्टेअरिंग हलकंच धरलं आणि उजवा अंगठा बटणावर ठेवला.

"पुढची जमीन ओली आहे. मार्ग बदला," तोलाचा आवाज आला.

मी मोकाशीकडे पाहिलं. "काय करायचं, सर? वरून वळसा घेता येईल." मुद्दाम विचारलं मी. नाही म्हणायची संधी त्याला मिळावी आणि त्यानं ती सर्वांसमोर घालवावी, असं मला वाटत होतं.

"छे! हेच तर दाखवायचंय," तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला आणि गाडी पुढं घातली.

पुढचं खालचं चाक पाझरात गेलं. गवत फाटलं, आणि गाडीचा मागचा भाग तिरका दरीकडे सरकायला लागला. वरच्या अंगाची चाकं हलकी झाल्याचं मला सीटमधून कळलं. मोकाशी किंचाळला आणि त्याच्या दोन्ही हातांनी स्टेअरिंग गरकन वर, डोंगराकडे फिरवलं. पांढऱ्या पडलेल्या बोटांनी तो ते तसंच आवळून बसला.

हेच ते. हेच झालं होतं त्या दिवशी. फरक एवढाच की त्या दिवशी हे हात शेजारच्या सीटवरून आले होते.

मला दिसलं ते सगळं. दादा खाली वळवायला निघालाय आणि हा आडवा पडून त्याच्या हातातलं स्टेअरिंग ओढतोय. मी दातओठ खाल्ले. अंगठ्याखालचं बटण अर्धं दबलं होतं. आणखी इतकंसं दाबायचं, बस.

तेवढ्यात माझ्या हातातलं डावं स्टेअरिंग हललं. एक बारीक हिसका. दोन बोटांचा.

दादा चाक जागं करत होता.

तो ठसा मीच परत घातला होता, तो हिसका त्यात आहे हे मला पाठ होतं, तरीही माझ्या तोंडून "दादा" असं निघून गेलं. आणि मग लखकन कळलं की मी काय करतेय. हे बटण दाबलं की गाडी दादाच्या हातातून काढून मोकाशीच्या हातात जाणार होती. मोकाशीनं जे केलं, तेच मी करणार होते, आणि दादाच्या वाट्याला ते दुसऱ्यांदा येणार होतं. या गाडीत एकाचेच हात हवे होते आणि ते कुणाचे, हे आता विचारायची गरज नव्हती.

मी अंगठा काढला.

डावं स्टेअरिंग खाली वळलं, दरीकडे, शांतपणे. गाडीचं तोंड सरळ उताराला लागलं. वरची चाकं धपकन जमिनीवर टेकली. मोकाशी अजून उजवं स्टेअरिंग वर ओढत होता आणि ओरडत होता, आणि गाडी त्याला धूप न घालता गवतावरून सरळ उतरत गेली, धोंड्यांच्या अलीकडे सपाटीला लागून थांबली.

मी मान वर करून पडद्याकडे पाहिलं. कुणीतरी तो क्षण थांबवून ठेवला होता. भल्या मोठ्या चित्रात एक स्टेअरिंग खाली वळलेलं, आणि दुसरं वर. वर वळलेल्यावर मोकाशीचे हात, अंगठीसकट.

शहरी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या वडापवाल्यांपैकी एकानंही वाजवली नाही. ते पडद्याकडे बघत राहिले, मग एकेक करून उतार उतरायला लागले. सरळ, आडवं न जाता. सगळ्यांच्या पुढं आबा होते.

मोकाशी गाडीतून उतरला तेव्हा त्याचे केस विस्कटले होते, पण बोलायची हौस शाबूत होती. माइकही चालूच होता. "पाहिलंत?" तो जमलेल्यांना म्हणाला. "चालक चुकला तरी 'तोल' चुकत नाही!"

आबा त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडले नाहीत. "सायेब, तुमी वर वळवलीत," ते म्हणाले.

"काका, ते नैसर्गिक असतं. कुणीही तेच करतं."

"माझा पोरगा न्हाई करायचा."

"अहो, आपोआप होतं ते! दरी दिसली की हात आपोआप वर जातात. मला तरी कुठं करायचं होतं? आत्ताही नाही आणि त्या दिवशीही..."

तो थांबला. पण फार उशिरा. मांडवातल्या कर्ण्यांमधून 'त्या दिवशीही' हे शब्द पठारभर गेले होते.

"त्या दिवशीही काय, सर?" मी विचारलं. "त्या दिवशी स्टेअरिंग तर दादाच्या हातात होतं ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच मी कोण आहे ते त्याला दिसलं असावं. कॉलरचा माइक त्यानं घाईनं मुठीत दाबला. आता दाबून काय उपयोग!

"मी ओढलं," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, मी वाचवतोय. मग सगळे विचारायला लागले, आणि तो तर गेलाच होता..."

"गेलाच होता, म्हणून त्याच्यावर ढकललंत?"

एक तरणा ड्रायव्हर अंगावर धावून जायला निघाला. आबांनी नुसता हात आडवा धरला आणि तो जागच्या जागी थांबला. मग आबांनी तोच हात मोकाशीसमोर उघडा केला.

"चावी," ते म्हणाले.

"काय?"

"गाडीची चावी द्या."

तो खोटं हसला. आजूबाजूला पाहिलं. स्टँडवरचे सगळे गोल करून उभे होते. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगाला हात लावला नाही, फक्त वाट कुणी देईना. पाहुण्यांपैकी एकानं फोन वर धरला होता. मोकाशीनं शेवटी वाकून गाडीतून ती पितळी चावी काढली आणि आबांच्या तळव्यावर ठेवली. चावी त्याच्या हातातून सुटताना बघून मला मनापासून बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

आबा उतार चढून देवळात गेले. आम्ही सगळे मागं. त्यांनी खिळ्यावरची दादाच्या जीपची चावी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली. तिच्या जागी मोकाशीची टांगली. मग ते देवळाच्या पायरीवर बसले आणि तीन वर्षं न रडलेले आबा सगळ्यांदेखत हंबरडा फोडून रडले.

पुढचं तुम्ही वाचलं असेल. चौकशी पुन्हा उघडली, शेरा तोच राहिला, चालकाची चूक, फक्त चूक करणाऱ्याचं नाव बदललं. मोकाशीला कंपनी सोडावी लागली. नव्या मालकांनी माझ्या दोन्ही अटी मान्य केल्या. एक, पिंजऱ्याशिवाय गाडी बाहेर पडणार नाही. दोन, तोल गाडी सावरतो तेव्हा पडद्यावर क्षणभर नाव उमटेल, संग्राम पानस्कर. हिमाचलातला कुणी, नेपाळातला कुणी, मरता मरता वाचतो आणि विचारतो, हा कोण? विचारू देत.

मोकाशी एकदा भेटला होता, साताऱ्याच्या कोर्टाबाहेर. वाळला होता. म्हणाला, "ऋतुजा, त्या उतारावर तुझा अंगठा बटणावर होता. मी पडद्यावरचं चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलंय. दाबलं का नाहीस?"

"तुम्ही मेला असता तर लोक तुम्हाला बिचारा म्हणाले असते," मी म्हटलं. दादाच्या हिसक्याचं मी त्याला सांगितलं नाही. तेवढं कळायची त्याची लायकी नव्हती.

जीपवरच्या कोंबड्या आबांनी हुसकल्या. त्यांनी नवी बॅटरी घातली, चार दिवस जीपखाली निजून काम केलं, आणि पहिली फेरी पठारावरच नेली. शेजारी मी होते. देवळापाशी आल्यावर त्यांनी गाडी थांबवली नाही, नुसती हळू केली.

अजूनही आम्ही त्या वाटेनं गेलो की मी खिडकीतून बघते. चौकटीवरच्या खिळ्याला ती चावी आहे. पावसानं तिची चकाकी गेली, आता तिच्यावर हिरवट राप चढलाय. जाणारा प्रत्येक ड्रायव्हर विचारतो, ही कुणाची, आणि कुणी ना कुणी सांगतं. मी कधी सांगत नाही. मी नुसती ऐकते.